सरकून सरकून सरकणार कुठं?

हवामानबदलाचा विषय निघाला की कट्ट्यावर एक वाक्य हमखास पडतं. "अरे, प्राण्यांचं काय एवढं? इथं गरम झालं तर थंड जागी सरकतील. लाखो वर्षं तेच तर करत आलेत!" वाक्य टाकणारा चहाचा घोट घेतो, बाकीचे माना डोलावतात आणि गाडी पुन्हा कॅम्पस इंटरव्ह्यूवर येते.

हा लेख त्यातल्या एका शब्दावर आहे. 'सरकतील'. माझं म्हणणं एवढंच, की हा शब्द ऐकायला सोपा आणि वागायला फसवा आहे. नकाशावरची रेषा सरकते हे खरं. पण रेषा सरकली म्हणजे प्राणी सामान बांधून निघाला, असं होत नाही. एका बाजूला ते मरतात, दुसऱ्या बाजूला (जागा असली तर) थोडे जास्त जन्मतात, आणि पन्नास वर्षांनी मोजणी करणारा म्हणतो, "हद्द सरकली." दुसऱ्या बाजूला जागाच नसेल तर? मग पहिला अर्धाच भाग घडतो. आणि त्यालाही आपण 'सरकले' असंच म्हणतो!

उदाहरणासाठी मी पोटाला पिशवी असलेले प्राणी घेतलेत. कांगारू, कोआला, पॉसम वगैरे मंडळी. मराठी पुस्तकांत यांना 'शिशुधान' म्हणतात. पिल्लू अगदी अर्धवट वाढलेलं जन्माला येतं आणि पुढची वाढ आईच्या पिशवीत दूध पीत पूर्ण करतं. (थोडक्यात, सबमिशनच्या आदल्या रात्री प्रिंट काढून उरलेलं जर्नल वर्गात पूर्ण करण्याची पद्धत.) भारताच्या रानात यातला एकही नाही. ऑस्ट्रेलिया, न्यू गिनी, आसपासची बेटं आणि दोन्ही अमेरिका हे यांचं घर. मग हेच का घेतले? कारण एकाच कुळात सुखाने सरकलेलाही सापडतो आणि सरकायला इंचभर जागा न उरलेलाही. तुलना करायला यापेक्षा चांगली सोय नाही.

आधी समोरच्या पार्टीची बाजू मांडतो, म्हणजे अन्याय नको. उत्तर अमेरिकेत व्हर्जिनिया ओपॉसम नावाचा मांजराएवढा प्राणी आहे. मूळचा उष्ण भागातला. शेपटी आणि कान उघडे, त्यावर केस नाहीत, त्यामुळे कडाक्याच्या थंडीत हे भाग चक्क हिमदंशाने झडतात. तरीही गेल्या शतकात हा पठ्ठ्या उत्तरेकडे सरकत सरकत ग्रेट लेक्सच्या पलीकडे, कॅनडातल्या दक्षिण ऑन्टॅरिओपर्यंत पोचला. तिथे आज अर्धे कान आणि आखूड शेपटी घेऊन फिरणारे ओपॉसम दिसतात. हिवाळे सौम्य होत गेले, हे त्यामागचं एक कारण मानलं जातं. दुसरं कारण माणूस. शेतं, कचऱ्याचे डबे, पक्ष्यांसाठी टांगलेलं धान्य, घरांखालच्या उबदार जागा. याचं खाणं कसं, तर फळं, किडे, अंडी, मेलेले प्राणी, उष्टं, काहीही. आपल्या मेसचा महिन्याचा चौथा आठवडासुद्धा हा हसत काढेल! आयुष्य जेमतेम दोन वर्षांचं, पण पिल्लं ढीगभर. मादीला साधारण तेरा सडं असतात, त्यावरून अंदाज करा.

म्हणजे 'सरकतील' हे खरं ठरलं की नाही? ठरलं. पण कोणासाठी, ते बघा. काहीही खाणारा, भराभर वाढणारा, माणसाच्या सोबतीला न बुजणारा, आणि समोर शेकडो किलोमीटर सपाट जमीन असलेला. या चारही अटी पूर्ण झाल्या तर सरकणं जमतं. यातली एकेक अट काढून टाकत जाऊ आणि काय होतं ते पाहू.

पहिली अट सपाट जमिनीची. ऑस्ट्रेलियाच्या ईशान्य टोकाला, क्वीन्सलँड राज्यात समुद्राला लागून दाट पर्जन्यवनाचे डोंगर आहेत. १९८८ पासून हा भाग जागतिक वारसा आहे. त्यातला सगळ्यात उंच डोंगर म्हणजे माउंट बार्टल फ्रेअर. नाव ओळखीचं वाटतंय? वाटायला हवं. सर बार्टल फ्रेअर हे १८६२ ते १८६७ या काळात मुंबई इलाख्याचे गव्हर्नर होते, आणि त्याआधी साताऱ्याला रेसिडेंट. मुंबईच्या किल्ल्याची तटबंदी पाडली गेली ती यांच्याच कारकिर्दीत. आज ज्याला आपण फ्लोरा फाउंटन म्हणतो त्या कारंज्यालाही आधी यांचंच नाव द्यायचं ठरलं होतं. १८७३ मध्ये क्वीन्सलँडच्या त्या डोंगराला यांचं नाव मिळालं. उंची १६२२ मीटर. आपलं कळसूबाई १६४६. म्हणजे कळसूबाईला जाऊन आलेल्या प्रत्येकाला त्या उंचीचा अंदाज आहे. शिखरावर उभं राहिल्यावर पाय टेकायला किती जागा उरते, तेही आठवत असेल.

या डोंगरांवर रिंगटेल पॉसमच्या काही जाती राहतात. लेम्युरॉइड रिंगटेल, हर्बर्ट रिव्हर रिंगटेल, ग्रीन रिंगटेल. रात्री फिरणारे, पानं खाणारे. लेम्युरॉइड तर जवळजवळ सगळं आयुष्य झाडाच्या शेंड्यांवर काढतो, जमिनीवर क्वचितच उतरतो, आणि मादीला बहुधा वर्षाला एकच पिल्लू होतं. गार, धुक्याचं जंगल हीच यांची सवय. हवा तिशीच्या वर गेली की अंग थंड ठेवायला शरीरातलं पाणी खर्चावं लागतं, आणि पाणी मिळतं ते पानांतून नि पानांवरच्या दवातून. एक दिवस निभतं. सलग चार-पाच दिवस तसे गेले की निभत नाही.

इथं आपल्या कामाचा एक मुद्दा आहे. बातमीत नेहमी सरासरी येते. "तापमान दोन अंशांनी वाढणार." दोन अंश ऐकून कोण घाबरणार? पंख्याचं बटण एक घर पुढं सरकवलं की संपलं. पण पूल सरासरी भाराने पडत नाही, कमाल भाराने पडतो, हे आपल्याला दुसऱ्या वर्षापासून शिकवतात. प्राण्यांचंही तेच. सरासरी दोनने वाढली की जीव घेणारे ते चार-पाच दिवस दहा वर्षांतून एकदा यायचे ते वरचेवर यायला लागतात.

कारबाइन पठारावरच्या माउंट लुईस भागात लेम्युरॉइडचा एक पांढऱ्या रंगाचा प्रकार दिसायचा. २००५ च्या अखेरीस तिथं उष्णतेची लाट आली. त्यानंतरच्या शोधांत पांढरा पॉसम दिसेना. २००८ मध्ये तो संपला असावा अशा बातम्याही छापून आल्या. २००९ मध्ये मोजके दोन-चार सापडले तेव्हा सगळ्यांना हायसं वाटलं. पुढच्या वर्षांतल्या मोजण्यांनी मात्र चित्र स्पष्ट केलं. खालच्या उंचीवरून रिंगटेल कमी होत गेलेत. नकाशात लिहायचं तर, "हद्द वर सरकली."

वर सरकली तर काय बिघडलं, असं वाटेल. म्हणून थोडं गणित करू. कॅल्क्युलेटर नको, बोटांवर होतं.

वर जावं तसं दर हजार मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं. म्हणजे एक अंश वाढ भरून काढायला सुमारे दीडशे मीटर चढावं लागेल. आता १६०० मीटरचा डोंगर शंकूसारखा धरा. त्यावर एक प्राणी ६०० मीटरच्या वर राहतो. म्हणजे त्याच्या वाट्याला वरचे १००० मीटर. शंकूचं वरच्या भागातलं क्षेत्रफळ उरलेल्या उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात असतं. एक अंश वाढला, हद्द ७५० वर आली, उंची उरली ८५०, क्षेत्र उरलं ७२ टक्के. दोन अंश वाढला, उंची ७००, क्षेत्र ४९ टक्के. तीन अंश, क्षेत्र ३० टक्के. चार अंश, १६ टक्के. दोन अंशांत उंची तीस टक्केच गेली, पण घर निम्मं गेलं! हा वर्ग सगळा घोळ करतो.

खरा डोंगर शंकू नसतो, मान्य. पठार असेल तर सुरुवातीला फार कमी होणार नाही, आणि मग कडा आला की एकदम कमी होईल. पण दिशा तीच. जेम्स कुक विद्यापीठातल्या स्टीव्ह विल्यम्स आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये या भागातल्या, जगात दुसरीकडे कुठंही नसलेल्या ६५ पृष्ठवंशीय प्राण्यांसाठी असाच हिशोब, पण खऱ्या भूगोलावर आणि खऱ्या नोंदींवर मांडला. निष्कर्ष असा, की नुकसान सरळ रेषेत वाढत नाही. दोन अंशांच्या पुढं ते झपाट्याने वाढतं. पहिला अंश पाहून "एवढंच ना" म्हणणाऱ्याला पुढच्या अंशांचा अंदाज येत नाही, तो यामुळेच.

आणि एका डोंगरावरून दुसऱ्या, अधिक उंच डोंगरावर जायचं तर मध्ये गरम दरी. झाडाच्या शेंड्यावरून खाली न उतरणारा पॉसम ती कशी ओलांडणार? प्रत्येक डोंगर म्हणजे त्याच्यासाठी बेट. समुद्राऐवजी खाली ऊन.

आता दुसरी अट काढू. 'काहीही खाणारा' ऐवजी एकच खाणारा घेऊ. अर्थातच कोआला. डोंगराचा प्रश्न नाही, पूर्व ऑस्ट्रेलियाभर पसरलेला प्राणी. पण खाणं म्हणजे निलगिरीची पानं, त्यातही ठरावीक जातींची. पाणीसुद्धा मुख्यतः पानांतूनच. क्वीन्सलँडच्या नैर्ऋत्येला, त्याच्या हद्दीच्या कोरड्या पश्चिम कडेला काय झालं, त्याची मोजणी उपलब्ध आहे. १९९५ मध्ये तिथं सुमारे ५९,००० कोआला होते. २००९ मध्ये सुमारे ११,६०० उरले. मध्ये गेली ती दुष्काळाची आणि उष्णतेची वर्षं. ऐंशी टक्के! ते ४७ हजार कोआला पूर्वेकडे चालत गेले का? नाही. नदीकाठची झाडं वाळली, पानांतलं पाणी गेलं, कोआला तिथंच संपले. हद्दीची कड 'सरकणं' म्हणजे प्रत्यक्षात हे.

हवामानाचे अंदाज सांगतात की कोआलाला सोयीचा भाग आक्रसत पूर्वेकडे आणि दक्षिणेकडे, किनाऱ्याच्या बाजूला जाणार. आणि किनाऱ्याला काय आहे? ब्रिस्बेन, गोल्ड कोस्ट, सिडनी. म्हणजे हवामान ज्या बाजूला ढकलतंय नेमकी तीच बाजू आपण लोकांनी (म्हणजे सिव्हिलवाल्यांनी, दुसरं कोण!) रस्ते, प्लॉट आणि कुंपणं घालून भरून टाकलीय. तिथं गाड्या आणि कुत्रे वाट पाहतायत. यात भर म्हणजे हवेत कार्बन डायऑक्साइड वाढला की निलगिरीच्या पानांचा कसच उतरतो. प्रथिनं कमी, आणि पचायला जड, विषारी घटक तुलनेने जास्त. पान तेच, पण ताटातला सत्त्वांश कमी. फेब्रुवारी २०२२ मध्ये ऑस्ट्रेलिया सरकारने क्वीन्सलँड, न्यू साउथ वेल्स आणि राजधानीच्या प्रदेशातल्या कोआलाला 'संकटग्रस्त' यादीत टाकलं. टेडी बेअरसारखा दिसणारा, सगळ्या जगाचा लाडका, पोस्टरवरचा प्राणी. त्याची ही गत, तर ज्याचं नावही कोणाला माहीत नाही त्याचं काय?

इथं हे हद्दींचे नकाशे कसे बनतात, ते सांगायला हवं. प्राणी आज जिथं जिथं दिसतो त्या जागांचं तापमान, पाऊस, सगळ्यात कोरडा महिना वगैरे आकडे घेतात. त्यावरून कॉम्प्युटर ठरवतो की याला कसलं हवामान मानवतं. मग इनपुटमध्ये भविष्यातलं हवामान टाकतात आणि तसं हवामान कुठं असेल ते रंगवतात. पद्धत चांगली आहे, उपयोगी आहे. कांगारूच्या भाऊबंदांपैकी उत्तर ऑस्ट्रेलियातल्या अँटिलोपाइन वॉलरूसाठी २००८ मध्ये असाच अभ्यास झाला, तेव्हा दोन अंश वाढीला त्याची हद्द ८९ टक्क्यांनी घटेल असं उत्तर आलं. पण कुठल्याही सिम्युलेशनसारखंच याचंही आहे. जे टाकलं नाही ते उत्तरात येत नाही. नवीन जागी त्याचं झाड आहे का, माती तशी आहे का, वणवे किती लागतात, मध्ये हायवे आहे का, हे नकाशाला ठाऊक नसतं. नकाशात हिरवा रंग दिसला म्हणजे प्राण्याला तिथं घर मिळालं, असं समजणं म्हणजे ऑटोकॅडमध्ये बिल्डिंग उभी राहिली म्हणून राहायला जाण्यासारखं आहे.

आता शेवटचा, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा प्राणी. माउंटन पिग्मी पॉसम. वजन सुमारे ४५ ग्रॅम, म्हणजे मुठीत मावेल एवढा. याची ओळख माणसाला आधी जीवाश्मातून झाली. १८९५ मध्ये रॉबर्ट ब्रूम यांना न्यू साउथ वेल्समधल्या वॉम्बेयन गुहांजवळ हाडं सापडली. (हेच ब्रूम पुढे दक्षिण आफ्रिकेतल्या आदिमानवाच्या जीवाश्मांसाठी प्रसिद्ध झाले.) प्राणी नामशेष, असं सगळे धरून चालले. आणि १९६६ मध्ये व्हिक्टोरिया राज्यातल्या माउंट हॉथमवर, स्कीइंगवाल्यांच्या एका लॉजमध्ये जिवंत पॉसम सापडला! पुस्तकात मेलेला, लॉजमध्ये हजर.

हा फक्त ऑस्ट्रेलियाच्या बर्फाळ डोंगरमाथ्यांवर, मोठमोठ्या दगडांच्या ढिगाऱ्यांत राहतो. हिवाळ्यात पाच ते सात महिने बर्फाखाली शीतनिद्रा घेतो. शरीराचं तापमान दोन अंशांच्या आसपास उतरतं. बर्फ इथं गोधडीचं काम करतो. बाहेर हवा शून्याच्या कितीही खाली गेली तरी बर्फाखालच्या कपारीत तापमान शून्याच्या जवळपास टिकतं. थर्मल इन्सुलेशन, दुसरं काही नाही. आता गंमत बघा. हवा तापली की बर्फ कमी पडतो, लवकर वितळतो. गोधडी गेली की हाच पॉसम थंडीने गारठतो! तापमानवाढीमुळे थंडी वाजून मरणारा प्राणी. शिवाय वेळेआधी जाग आली तर साठवलेली चरबी संपत येते आणि बाहेर खायला काही नसतं.

खायला काय लागतं? बोगाँग नावाचा पतंग. दर वसंतात हे पतंग दक्षिण क्वीन्सलँड आणि न्यू साउथ वेल्सच्या मैदानांतून काही तर हजार किलोमीटर उडत या थंड डोंगरांवर येतात आणि उन्हाळाभर गुहांत, कपारींत गप्प बसतात. रात्री दिशा ओळखायला पृथ्वीचं चुंबकत्व आणि आकाशातले तारे वापरतात, असं प्रयोगांतून दिसलंय. चरबीने भरलेले हे पतंग म्हणजे उपाशी उठलेल्या पॉसमसाठी तयार ताट. २०१७ ते २०१९ च्या दुष्काळात मैदानातल्या अळ्यांनाच खायला मिळालं नाही, आणि डोंगरावरचे पतंग जवळजवळ नाहीसे झाले. त्या काळात अनेक पॉसम माद्यांची पिशवीतली पिल्लं गेली. २०२१ मध्ये हा पतंगही आंतरराष्ट्रीय संकटग्रस्त यादीत गेला. म्हणजे डोंगरावरचं तापमान एकवेळ सांभाळलं, तरी हजार किलोमीटर लांबच्या शेतात पाऊस पडला नाही तर हा उपाशी. आणि वर सरकायचं तर ऑस्ट्रेलियातलं सर्वोच्च शिखर, माउंट कोझियस्को, २२२८ मीटरला संपतं. पुढे आकाश.

मग प्रश्न येतो. ज्याला सरकता येत नाही त्याला आपणच उचलून नेऊन ठेवावं का?

हा कल्पनेतला प्रश्न नाही. न्यू साउथ वेल्स विद्यापीठाचे प्राध्यापक मायकेल आर्चर यांनी एक वेगळाच विचार मांडला. या पॉसमच्या जवळच्या पूर्वजांचे जीवाश्म क्वीन्सलँडमधल्या रिव्हर्सली इथं सापडतात. ते कोट्यवधी वर्षं जुने आणि चक्क सखल पर्जन्यवनातले! म्हणजे बर्फ ही या कुळाची आवड नसावी, नंतर आलेली नाइलाजाची वेळ असावी. मग खालच्या, थंड पण बर्फ नसलेल्या ओल्या जंगलात तो परत राहू शकेल का? हे पाहण्यासाठी २०२२ मध्ये लिथगोजवळ खास पैदास केंद्र सुरू झालं.

विरोधकांचं म्हणणंही हलकं नाही. माणसाने उचलून ठेवलेल्या प्राण्यांचा इतिहास वाईट आहे. १९३५ मध्ये उसाच्या किड्यांसाठी हवाईहून क्वीन्सलँडमध्ये केन टोड आणले. किडे राहिले बाजूला, विषारी बेडूक खाऊन उत्तरेकडचे क्वोल (हेही पिशवीवालेच) मरत सुटले. फरच्या धंद्यासाठी १८३७ पासून ऑस्ट्रेलियातले ब्रशटेल पॉसम न्यूझीलंडला नेले. तिथं ते कोट्यवधी झाले, जंगलं ओरबाडली, पक्ष्यांची अंडी खाल्ली. आता तो देश २०५० पर्यंत त्यांना संपवण्याच्या मागे आहे. आणि हे तर धंद्यासाठी झालं. चांगल्या हेतूचंही उदाहरण आहे. टास्मानियन डेव्हिलला तोंडाच्या संसर्गजन्य कॅन्सरपासून वाचवायला २०१२ मध्ये काही डेव्हिल मारिया बेटावर सोडले. डेव्हिल वाचले, वाढले. पण २०२१ मध्ये बातमी आली की बेटावरची छोट्या पेंग्विनची सुमारे तीन हजार जोड्यांची वसाहत संपली. कोणाचाही हेतू वाईट नव्हता. सिस्टिमची सीमा चुकीची आखली गेली, इतकंच.

तरीही माझं मत उचलून ठेवण्याच्या बाजूने आहे. पण सरसकट नाही. ज्याच्या पुढे डोंगरच संपलाय, अशांसाठीच. आणि लिथगोसारखं, आधी बंदिस्त जागेत, पाहत पाहत, चूक झाली तर परत फिरता येईल अशा रीतीने. हात न लावणं हाही एक निर्णयच असतो. कोळसा जाळताना आपण कोणाची परवानगी विचारली नव्हती. आता पॉसमला टोपलीत घालताना एकदम "निसर्गात ढवळाढवळ नको" म्हणणं मला पटत नाही. ढवळाढवळ कधीच झालीय, प्रश्न फक्त निस्तरायचा आहे.

मात्र उचलण्याआधी घर दुरुस्त करायला हवं, आणि इथं आपली शाखा येते. माउंट हॉथमवर स्की रिसॉर्टच्या रस्त्याने या पॉसमची वाट तोडली होती. प्रजननाचा काळ संपल्यावर नर खाली उतरून जातात आणि वरची चांगली जागा माद्या-पिल्लांना मोकळी राहते. रस्त्यामुळे नर वरच अडकले, गर्दी झाली, माद्या कमी जगू लागल्या. १९८० च्या दशकात इयान मॅन्सर्ग आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासावरून रस्त्याखालून दगड भरलेला बोगदा काढला. दोन आठवड्यांत नर त्यातून जायला लागले आणि माद्यांचं जगण्याचं प्रमाण पूर्ववत झालं. लोक त्याला 'प्रेमाचा बोगदा' म्हणतात! त्यात ना मोठं तंत्रज्ञान, ना अब्जावधींचं बजेट. रस्त्याखाली एक कल्व्हर्ट आणि त्यात दगड, पण कोणासाठी ते ठाऊक असलेला. माउंट बुलरवर पॉसमची संख्या अगदी थोड्यावर आली होती, जवळच्या नात्यांतल्या जोड्यांमुळे पिल्लं कमजोर होत होती. तिथं २०१०-११ मध्ये हॉथमचे काही नर नेऊन सोडले आणि संख्या पुन्हा वाढली. पतंगांसाठी स्थलांतराच्या काळात अनावश्यक दिवे बंद ठेवायची मोहीम निघाली, कारण शहरांचे झगमगते दिवे त्यांना वाटेतच ओढून घेतात. दिवा कुठं लावायचा, किती प्रखर, किती वाजता विझवायचा, हे कोण ठरवतं? इलेक्ट्रिकलवाले मित्रहो, तुम्हीच.

अर्थात हे सगळं मलमपट्टीचं काम. दोन अंश आणि चार अंश यांत पॉसमच्या घराच्या ४९ आणि १६ टक्क्यांचा फरक आहे, तो बोगद्यांनी भरून निघणार नाही. तो वीज कशी बनवायची, गाडी कशी चालवायची आणि सिमेंट किती ओतायचं यावर ठरणार. म्हणजे पुन्हा आपल्याच सिलॅबसवर. एन्व्हायर्नमेंटल स्टडीजचा पेपर आपल्याकडे बहुतेक जण आदल्या रात्री वाचतात. सर-मॅडमनाही ते माहीत आहे. माझी विनंती आहे की हा विषय त्या एका पेपरात कोंडून ठेवू नये. शंकूचं गणित सर्व्हेइंगच्या तासाला होऊ शकतं, बर्फाची गोधडी हीट ट्रान्सफरमध्ये, आणि कल्व्हर्टच्या ड्रॉइंगमध्ये पाण्याबरोबर आणखी कोण जाणार, हा एक प्रश्न व्हायवाला विचारता येतो.

आणि कट्ट्यावर पुढच्या वेळी कोणी "सरकतील रे" म्हणाला, तर भांडू नका. फक्त विचारा, कोण सरकणार, किती सरकणार, आणि सरकून जाणार त्या जागी आत्ता काय आहे? उत्तर आलं तर चहा त्याला आपल्याकडून. नाही आलं तर चहाचे पैसे त्याने द्यायचे.

— तृतीय वर्ष, स्थापत्य